निश्चित सांगता येत नाही

राजापूरच्या एका काजू फॅक्टरीत नम्रता आपलं काजू फोडायचं यंत्र दाखवायला गेली होती. मालकांनी चहा मागवला, तिच्या मोबाईलवरचे दोन-चार फोटो बघितले आणि म्हणाले, "मॅडम, हे तर आमच्याकडे आलंय. गणपती झाल्या झाल्या बसवलं. चला, दाखवतो."

शेडमध्ये यंत्र खडखडत होतं. रंग निळा, वर कुठल्याशा परजिल्ह्यातल्या कंपनीची पट्टी. पण आडव्या पडलेल्या काजूबीला अलगद उभं करणारी ती वाकडी पन्हळ तिचीच होती. तो बाक जमेपर्यंत तिचे दोन पावसाळे गेले होते. नव्हतं ते फक्त पात्यांवरचं झाकण. टरफलातलं तेल उडून बायकांचे हात भाजू नयेत म्हणून ते तिने बसवलं होतं.

"झाकणानं माल कमी निघतो म्हणे," मालक म्हणाले. "कंपनीनंच काढलं."

नम्रताने चहा तसाच ठेवला.

ती लांज्याची. तिची आई गंगा आयुष्यभर काजू फोडत आली. तेलाने बोटांची कातडी अशी गेली होती की रेशनच्या दुकानात तिचा अंगठा लागत नसे. त्या हातांनीच लेकीला इंजिनीअर केलं. पुण्यातली नोकरी सोडून नम्रताने रत्नागिरीच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि या एकाच यंत्राच्या मागे लागली. यंत्र मनासारखं झालं की मगच पेटंटचा अर्ज करायचा, असं ती म्हणत राहिली. कॉम्प्युटरवर आराखडे काढायला मावसभाऊ निलेश होता. हुशार, गोडबोल्या. शिमग्यानंतर तो मुंबईला नोकरी लागली म्हणून गेला, तेव्हा तिने त्याला पेढे दिले होते.

राजापूरहून परतताना एसटीत तिच्या डोक्यात दुसरं नाव आलंच नाही. गाळ्यात शिरली ती थेट निलेशच्या कॉम्प्युटरपाशी. एकेक फाइल उघडली. काही फाइली दुसरीकडे हलवल्या, काहींची नावं बदलली. निलेशने जाताना कितीतरी मेल आणि फोल्डर पुसून टाकलेत, हे दिसल्यावर तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर त्याने त्याच कॉम्प्युटरवर टाकलं. हाती आली ती नाव नसलेली, अर्धवट, न उघडणारी फाइलींची रास.

मग ती वकिलांकडे गेली, त्यांनी तिला श्रद्धा तोडणकरकडे पाठवलं. कॉम्प्युटरमधले पुरावे तपासणं हाच श्रद्धाचा व्यवसाय. तिने कॉम्प्युटर चालू केला नाही. आतली डिस्क काढली, मूळ डिस्कवर काहीही लिहिलं जाणार नाही अशा उपकरणाला जोडली आणि तिची हुबेहूब प्रत घ्यायला लावली. मग विचारलं, "निलेश गेल्यापासून याला कोणी हात लावला?"

नम्रताने होतं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता श्रद्धाचा चेहरा बदललेला तिला दिसला.

आठवड्याभराने श्रद्धाने बोलावून घेतलं.

"शिमग्याच्या आसपास एक पेनड्राइव्ह लागला होता. त्याची नोंद आहे. त्यावर 'पन्हळ' नावाचं फोल्डर उघडलं गेलं, तेही दिसतंय."

"म्हणजे सापडला!"

"पेनड्राइव्ह सापडला, माणूस नाही. कॉम्प्युटरला पासवर्ड एकच होता ना?"

"हो. भिंतीवर चिकटवला होता. सगळेच वापरायचे."

"आणि पुसलेले मेल जिथे पडून होते, नेमकं तिथेच ते सॉफ्टवेअर बसलं. परत आलेल्या फाइलीही तिथेच उतरल्या. खालचे जुने मेल कायमचे गेले. आराखड्यांच्या तारखा तुम्ही हात लावलात त्या दिवसाच्या झाल्यात. समोरचा वकील म्हणेल, पुरावा बाईंनीच तयार केला."

"तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."

श्रद्धाने समोरची फाइल मिटली. "मला वाटतं त्यानेच नेलं. पण अहवालात मला वाटतं ते लिहिता येत नाही हो. 'कोणी नेलं ते निश्चित सांगता येत नाही', एवढंच लिहीन."

नम्रताला रडू फुटलं नाही. निलेशने जे पुसायचं अर्धवट ठेवलं होतं, ते आपण पूर्ण केलं, एवढंच तिला कळत होतं.

लेखी अहवाल आल्यावर दोन-चार दिवसांनी तिने निलेशला फोन लावला. त्याने उचलला, याचंच तिला नवल वाटलं.

"ताई, तू अजून दहा वर्षं तेच घासत बसली असतीस," तो शांतपणे म्हणाला. "आलं ना यंत्र बाजारात? आणि मी काही नेलंय असं कोण म्हणतंय? अहवालात काय आलं ते आईकडून कळलं मला."

"झाकण का काढू दिलंस रे?" तिला एवढंच विचारता आलं.

फोन कट झाला.

पुढे त्या कंपनीचीच नोटीस आली. हे यंत्र आमचं आहे, पेटंटचा अर्जही आमचाच आहे, तुम्ही बनवू नका. वकील म्हणाले, लढता येईल, पण हातात काही नाही. नम्रताने गाळा रिकामा केला आणि लांज्याला आईकडे येऊन राहिली.

मार्गशीर्षात एका दुपारी निलेशची आई, मथुरामावशी, दारात उभी राहिली. हातात निलेशच्या लग्नाची पत्रिका, कुंकू लावलेली. गंगाने बहिणीला बसायला पाट दिला. नम्रता चुलीशेजारून उठली नाही.

"काय गो नमू, बोलनार पन नाय?" मावशी म्हणाली. "माज्या पोराला चोर ठरवलास. मी रात रात झोपली नाय. आनि शेवटी निघाला काय? तुज्याच त्या बाईनं लिवलान ना, निश्चित सांगता येत नाय म्हनून? म्हंजे त्येनं केला नाय."

"मावशी, तसा अर्थ नाही होत त्याचा."

"मग कसा होतो? सांग."

नम्रताने तोंड उघडलं. पेनड्राइव्ह, तारखा, पुसलेल्या जागेवर बसलेलं सॉफ्टवेअर. यातलं काय सांगायचं आणि कसं, ते तिला सुचेना. ती आईकडे बघू लागली. निदान आई तरी काही म्हणेल.

गंगाने पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, देवापुढे ठेवली.

"झाला ता झाला," ती बहिणीला म्हणाली. "आमी येऊ दोगी पन." मग लेकीकडे न बघताच म्हणाली, "नमू, मावशीला चाय टाक."

नम्रताने उठून चहाचं आधण ठेवलं.