केझायाची आई

केझायाने म्हातारीच्या पायाला गुंडाळलेलं गोणपाट सोडवलं, तेव्हा त्याबरोबर टाचेची कातडीही निघून आली. म्हातारी ओरडली नाही. तिने बिनदाताच्या हिरड्या एकमेकींवर दाबल्या आणि चुलीकडे बघत राहिली.

“किती दिवस चाललात, मावशी?”

“मी कुठली चालते? पोराच्या पाठीवर बसून आले. शेवटचे दोन दिवस तेवढी चालले. त्याचा गुडघा सुजला ना.”

पोरगा म्हणजे टोबायस, चाळिशीला टेकलेला, दाराच्या चौकटीतून तिरकं होऊन यावं लागेल एवढा दांडगा. पाऊण तासापूर्वी आईला चुलीपाशी ठेवून तो नदीवर गेला होता. तिथे बोरूच्या बनात लपवलेली होडी केझायाची थोरली लेक लुसिंडा बाहेर काढत होती. वरच्या डोंगरांतलं बर्फाचं पाणी उतरून नदी गढूळ, फुगलेली होती. दोघांच्या जोराशिवाय होडी हलणं शक्य नव्हतं. ती पाण्याला लागली की टोबायस येऊन आईला उचलून नेणार होता. पलीकडचा काठ मेक्सिकोचा. तिथे माणूस माणसाचा मालक नव्हता. वारा पडलेला असला तर तिथल्या कोंबड्यांचं आरवणं इथे अंगणात ऐकू यायचं.

अकरा वर्षं टॉलिव्हरांच्या दारात अशी मालकांकडून पळालेली माणसं येत होती. ऑरिन टॉलिव्हर गोरा, केझाया काळी, मुलं दोघांच्या मधल्या रंगांची. आसपासच्या मेक्सिकन गुराख्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं, उत्तरेकडून येणाऱ्या गोऱ्यांच्या मात्र ते डोळ्यांत खुपायचं. आलेल्यांना खाऊ घालायचं, पाय धुवायचे, पलीकडे सोडायचं, हे सगळं केझायाच्या अंगवळणी पडलं होतं. भीती तेवढी पडली नव्हती. ती दर खेपेला नव्याने उठायची, पहिल्या बाळंतपणाच्या कळेसारखी.

तिने म्हातारीच्या टाचेला चरबी लावली, स्वच्छ फडकं बांधलं, आणि मान वर केली तर ऑरिन अंगण ओलांडून येत होता. हळू चालत होता. एरवी तो असा कधीच चालत नसे.

“तीन घोडी,” तो दारातून म्हणाला. “पुढे प्रुइट आहे.”

पळालेली माणसं पकडून मालकांच्या हवाली करणं हा प्रुइटचा धंदा. त्याचं नाव नदीकाठाला सगळ्यांना ठाऊक होतं.

“किती लांब?”

“फाटकाशी पोचले असतील.”

नदीची वाट फाटकातून सरळ दिसायची. धान्याच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. आणि म्हातारीच्याने उभंही राहवत नव्हतं. केझायाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून म्हातारीच्या डोक्याला बांधला. मक्याची कणसं भरलेली टोपली तिच्या मांडीवर ठेवली.

“मावशी, दाणे सोला. कुणी विचारलं तर तुम्ही माझी आई.”

म्हातारीने एक कणीस उचललं. घोड्यांच्या टापा अंगणात आल्या तशी ती कुजबुजली,

“अगं, पण तुझं नाव काय?”

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. दाराशी सावली पडली होती.

प्रुइट बुटका, नीटस माणूस होता. आत येताना त्याने पायपुसण्यावर बूट घासले.

“जेवायची वेळ गाठली म्हणायची, टॉलिव्हर.”

“भाकरी आहेत. घ्या,” ऑरिन म्हणाला.

“नको. आम्ही दोघांच्या मागावर आहोत. एक धिप्पाड गडी आणि एक म्हातारी.” बोलता बोलता त्याची नजर चुलीवरून, पाट्यावरून फिरत म्हातारीवर येऊन थांबली. “ही कोण?”

“माझी आई,” केझाया म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“तुझी आई. मागच्या खेपेला दिसली नाही ती.”

“आत झोपून असते. आज जरा बरं वाटतंय तिला.”

प्रुइट उकिडवा बसला, अगदी म्हातारीच्या तोंडासमोर. लहान मुलाशी बोलावं तसा गोड आवाज काढून म्हणाला,

“काय आजीबाई, तुमच्या लेकीचं नाव काय हो?”

चुलीत लाकूड तडकलं. ऑरिनचा हात पाण्याच्या मडक्यावर होता, तो तिथेच राहिला. केझायाला वाटलं, आपण ओठ हलवावेत, पण प्रुइटचा एक माणूस दारात उभा राहून तिच्याच तोंडाकडे बघत होता.

म्हातारीने दाणे सोलणं थांबवलं नाही.

“कोणत्या लेकीचं?”

“ह्या. इथे उभी आहे तिचं.”

“आठ होती मला. थोरली डायसी. ती तापाने गेली. मग सुकी, ती विकली. मग जुळे झाले, त्यांतला एक विकला, एक मालकिणीच्या भावाला दिला. मग रोडा. रोडाला पाचव्या वर्षी नेली. गाडीच्या मागे धावले मी, तर...” ती क्षणभर थांबली. “तर काय विचारत होतात तुम्ही?”

“हिचं नाव.”

“हिचं नाव मालकिणीनं ठेवलं. देवाच्या मोठ्या पुस्तकातलं कुठलंसं. माझ्या जिभेला ते कधी वळलंच नाही, साहेब. मी आपली पोरी म्हणते. काय गं पोरी, अशी उभी काय? साहेबांना पाणी दे की.”

केझाया पाणी आणायला वळली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिला कुणाला दाखवायचे नव्हते. ती नऊ वर्षांची असताना जॉर्जियातल्या एका अंगणातून तिच्या आईला गाडीत घालून नेलं होतं. तेव्हापासून पोरी म्हणून तिला कुणी हाक मारली नव्हती.

प्रुइटने पाणी घेतलं, पण प्यायला नाही.

“ठीक,” तो उठत म्हणाला. “आई तर आई. तिचा कागद कुठाय?”

“कसला कागद?” ऑरिनने विचारलं.

“बायकोला तू गुलामीतून मोकळं केलंस, त्याचा कागद मी पाहिलाय. आईचा नाही पाहिला. कागद नाही म्हणजे ती कुणाची तरी आहे. कुणाची ते मी शोधून काढीन.”

“शहरात आहे. वकिलाकडे.”

“मग मागवून घे. परवा सकाळी येतो मी. म्हातारीही इथे असू दे आणि कागदही.” दारात तो थांबला. “आणि हो, टॉलिव्हर. तुझ्या पोरांचे कागद कुठे असतात? थोरली मोठी झाली असेल ना आता? दिसली नाही कुठे.”

टापा फाटकाबाहेर गेल्या. मग केझाया मटकन खाली बसली.

“मला न्यायला नको आता,” म्हातारी म्हणाली. हात अजून कणसावर होता. “परवा मी इथे नसले, तर तो तुझी लेक नेईल. माझं काय उरलंय? टोबायस तेवढा पलीकडे गेला की झालं.”

“आणि परवा तो तुम्हाला नेईल त्याचं काय?”

“नेऊ दे.”

“नाही,” केझाया म्हणाली.

“मग काय करशील?”

ऑरिन दाराशी उभा राहून रिकाम्या फाटकाकडे बघत होता. म्हातारीने सोललेलं कणीस चुलीत टाकलं आणि अचानक तिला हसू आलं, खोकल्यासारखं.

“मला मारून टाका ना मग.”

“मावशी!”

“अगं, खरंच नव्हे. त्या वरच्या गावात पटकी आलीय. वाटेत आम्ही पाहिलं, घरंच्या घरं ओस. म्हाताऱ्या बायांना काय, एका दिवसात नेते. मेलेल्या बाईचा कागद कोण मागतं?”

ऑरिनने मान वळवून केझायाकडे पाहिलं. केझायाने म्हातारीकडे पाहिलं. आणि मग तिघंही एकदम बोलायला लागली.

दुपार कलायच्या आत टोबायस आईला न्यायला आला. घोडेस्वार गेलेले त्याने बोरूतून पाहिले होते. हातात वल्ह्याचा तुटका दांडा घेऊन तो तिथेच दबा धरून बसला होता, आणि लुसिंडाने त्याचा सदरा मुठीत धरून ठेवला होता. तो सदरा आता खांद्यापर्यंत फाटलेला होता. काठावर त्याने आईला होडीत ठेवलं. म्हातारीने डोक्याचा रुमाल सोडायला घेतला.

“राहू द्या,” केझाया म्हणाली.

“तुला?”

“माझ्याकडे आहे दुसरा.”

म्हातारीने हात पुढे केला, तो केझायाच्या गालाला जेमतेम लागला, तोच लुसिंडाने आत बसून वल्ह्याने होडी लोटली. प्रवाहाने होडी खूप खाली ओढून नेली. केझाया काठाकाठाने चालत राहिली. होडी एकदा गर्रकन फिरली तेव्हा तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा टोबायस कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि पाठीवर त्याची आई होती. पलीकडून कुणी हात हलवला की झाडाची फांदी हलली, ते एवढ्या लांबून कळलं नाही. लुसिंडा होडी घेऊन परतली तेव्हा तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. केझायाने ते पाहिले आणि तिला जवळ घेण्याऐवजी उगाचच रागावून म्हणाली,

“चल. खणायचंय.”

घरामागच्या बाभळीखाली त्यांनी खड्डा खणला. ऑरिन म्हणाला, नुसती माती उकरून ढीग केला तरी चालेल. केझाया ऐकेना. पुरता, माणूस मावेल एवढा, छातीएवढा खोल. तिघांनी आळीपाळीने खणला, मग बुजवला. म्हातारी ज्यावर घटकाभर बसली होती ती चटई आणि एक गोधडी अंगणात जाळली, राख तशीच राहू दिली. ऑरिनने दोन फळ्या जोडून क्रूस केला. धाकट्या मुलांना शेजारच्या गुराख्याच्या बायकोकडे पाठवून दिलं. पोरं विचारू लागली तर काय सांगायचं, या काळजीने केझायाचा जीव रात्रभर टांगलेला राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रुइट आला. मागे तेच दोघे.

केझाया कबरीपाशी बसली होती. आपण काय करायचं, कसं रडायचं, हे तिने आदल्या दिवसभर मनात घोळवलं होतं. प्रुइट जवळ आला आणि तिला त्यातलं काहीच आठवेना.

“काय हे?”

“पटकी,” ऑरिन मागून म्हणाला. “तुम्ही गेलात त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या. काल दुपारी गेली.”

मागच्या दोघांनी घोडी दोन पावलं मागे घेतली. प्रुइटने आपलं घेतलं नाही. त्याने राख पाहिली, मातीचा ताजा ढीग पाहिला, मग केझायाला पाहिलं.

“मोठ्या सोयीने मेली म्हणायची.” त्याने एका माणसाकडे बोट केलं. “फावडं घे. उकर.”

“मी नाही,” तो माणूस म्हणाला.

“काय?”

“माझा भाऊ पटकीनेच गेला. तुम्हाला हवंय तर तुम्ही उकरा. मी हात लावणार नाही.”

दुसऱ्याने तर मान फिरवून नदीकडे बघायला सुरुवात केली होती. प्रुइट घोड्यावरून उतरला. फावडं बाभळीला टेकलेलं होतं. तो त्याच्याकडे चालत गेला, दांड्याला हात लावला. केझाया त्या हाताकडे बघत होती. स्वच्छ, नखं कापलेला हात. तो तिथे किती वेळ होता ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. मग त्याने तो हात काढून घेतला आणि विजारीला पुसला, एकदा, पुन्हा एकदा.

खिशातून त्याने वही आणि पेन्सिल काढली.

“नाव काय तिचं?”

हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. खड्डा, क्रूस, राख, सगळ्याचा विचार केला होता, आणि मेलेल्या बाईला नाव लागतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. खऱ्या म्हातारीचं नाव प्रुइटच्या वहीत आधीच असणार.

“हेस्टर,” केझाया म्हणाली.

“हेस्टर काय?”

“नुसतं हेस्टर.” आणि मग जे तिने घोकून ठेवलं होतं आणि विसरली होती, ते काही न घोकता आलं. ती दोन्ही हात मातीत रोवून रडू लागली. आवाज मोठा नव्हता. पण तो थांबेना. प्रुइटने लिहिलं, वही मिटली, जरा वेळ उभा राहिला. त्या आवाजात खोटं शोधत असावा. मग तो घोड्यावर चढला.

ते गेले. धूळ बसली. लुसिंडा घरातून बाहेर आली आणि बापाकडे बघत म्हणाली,

“बाबा, आता हा क्रूस काढायचा?”

वीस वर्षांच्या संसारात केझायाच्या आईचं नाव ऑरिनने कधी ऐकलं नव्हतं. त्याने कधी विचारलंही नव्हतं. तो घरात गेला, चाकू घेऊन आला आणि क्रूसापाशी गुडघे टेकून बसला.

“कसं लिहायचं?” त्याने विचारलं.

केझायाला लिहिता येत नव्हतं. तिने नाव पुन्हा उच्चारलं. त्याने एक अक्षर कोरलं आणि तिच्याकडे बघितलं. तिने पुन्हा उच्चारलं.