पाणीवाली सिस्टर

प्रसूती विभागात तिला पाणीवाली सिस्टर म्हणत. नव्याने लागलेल्या नर्सना आधी वाटायचं, ही बाई वॉर्डातल्या पिण्याच्या पाण्याचं बघत असावी. मग कोणीतरी त्यांना बाजूला घेऊन सांगायचं. जन्मलेलं मूल हातचं जाणार, फादर वेळेत पोचणार नाहीत आणि आईबापांची इच्छा आहे, अशा वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. त्याला साधं पाणी लागतं आणि एक वाक्य. डोक्यावर पाणी ओतायचं, मुलाला नाव द्यायचं आणि म्हणायचं, ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.’ मूल मग देवापुढे निनावी जात नाही, असं सिस्टर लहानपणी शिकली होती. आता चर्चही तसं ताणून धरत नाही, देवाची दया मोठी आहे म्हणतात. सिस्टरला हे ठाऊक होतं. पण लहानपणी मनात बसलेली भीती कोणी नवीन पत्रक काढलं म्हणून उठून जात नाही.

नोकरीत ती एकदाच चुकली. आई बेशुद्ध, बाप कुठे सापडेना आणि मूल निळं पडत चाललेलं. सिस्टरने कोणाला न विचारता पाणी ओतलं. बाप आला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याचा देवावर विश्वास नव्हता, आणि आपल्या मुलाला परस्पर कोणीतरी स्वतःच्या देवाकडे सोपवून टाकलं हे कळल्यावर तो माणूस पेटलाच. तक्रार झाली. वरिष्ठांनी सिस्टरला उभं करून चार शब्द सुनावले. तेवढ्यावर भागलं असतं, तर तिने ते गिळलंही असतं. पण त्या बापाची थोरली मुलगी नेमकी सिस्टरच्या लेकीच्या वर्गात होती. मधल्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, “तुझ्या आईने आमचं मेलेलं बाळ पळवलं.”

लेक घरी आली ती डबा न उघडताच. तिने दप्तरही खाली ठेवलं नाही.

“तू विचारलं का नाहीस त्यांना?”

“वेळ नव्हता गं.”

“वेळ नव्हता म्हणून दुसऱ्याचं मूल आपलं करायचं?”

  लेकीने हळूहळू चर्चला येणं सोडलं. आधी परीक्षेचं निमित्त होतं, मग पाळीचं, मग निमित्त सांगायचीही तिला गरज वाटेना. ती शिकली, कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागली, आणि लग्न केलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका भल्या माणसाशी, ज्याला देव आहे की नाही हा प्रश्नच कधी पडला नव्हता. सिस्टरला जावई आवडला. निदान तो तिच्याशी वाद घालत नव्हता आणि भांडी घासत होता.

दिवस राहिले तेव्हा लेक आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. स्वतःला पाणी घेतलं, अर्धं प्याली आणि पेला टेबलावर ठेवला.

“आई, एक शब्द हवाय. माझ्या बाळाच्या डोक्यावर पाणी नाही. मी पाठ फिरवली की गुपचूपही नाही. मोठं झालं की त्याचं ते ठरवेल.”

सिस्टर शेंगा सोलत होती. ती सोलतच राहिली.

“मी तुला ओळखते म्हणून सांगतेय,” लेक म्हणाली.

“दिला शब्द,” सिस्टर म्हणाली. तिला ते जड गेलं, पण मनात म्हटलं, त्या मधल्या सुट्टीचं देणं लागते मी हिला. निदान एवढं तरी फेडावं. पोर धडधाकट होईल, मोठं होईल, कोण जाणे, आजीचं बोट धरून एखाद्या रविवारी येईलही. म्हातारपणी माणूस अशीच स्वप्नं बघतं.

पोर धडधाकट झाली नाही. फार लवकर आली, तळहाताहून थोडी मोठी. सिस्टर ज्या इस्पितळात म्हातारी झाली तिथेच तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. इस्पितळ आता ओळखू येत नव्हतं. तळमजल्यावर जिथे प्रार्थनेची खोली होती तिथे ‘शांत कक्ष’ अशी पाटी होती. आत दोन मऊ खुर्च्या, प्लास्टिकचं झाड, आणि भिंतीवर क्रूस काढल्याची फिकट खूण, जिच्यावर कोणी रंगाचा हात मारायची तसदी घेतली नव्हती. सिस्टर एकदा आत गेली. एक माणूस फोनवर घराच्या भाड्यावरून हुज्जत घालत होता. ती बाहेर आली.

पेटीजवळ उभं राहिल्यावर मात्र तिला सगळं वाचता येत होतं. पडद्यावरचे आकडे तर वाचता येतच होते, पण नखांचा रंग, छातीचा भाता, आणि डॉक्टर बोलताना कुठे बघतात, हेही. लेकीला अजून आशा होती. सिस्टरची आशा दुसऱ्याच दिवशी गेली होती आणि ती हे कोणाला सांगू शकत नव्हती. ती लेकीचे केस विंचरायची, जावयाला जेवायला लावायची आणि पेटीच्या भोकातून हात घालून नातीच्या पायाला बोट लावायची. पोर ते बोट पायाच्या पंजाने धरायची. धरायची म्हणजे काय, नुसतं मिटायची. पण सिस्टरला ते पुरत होतं.

एका दुपारी डॉक्टर आले आणि जमिनीकडे बघत बोलले. आता फार वेळ नाही, हवं तर पेटी उघडून देतो, हात लावा, जवळ बसा. लेकीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. जावयाला म्हणाली, “तुझ्या आईला फोन करून ये बाहेरून.” तो गेला. मग तिने बाजूच्या ट्रॉलीवरची निर्जंतुक पाण्याची बाटली उचलली, पोरीचे ओठ ओले करायला नर्सने ठेवलेली, आणि उगाचच सिस्टरच्या हाताजवळ सरकवून ठेवली.

“आई, मी खाली जाऊन चहा घेऊन येते. तू आहेस ना?”

“आहे की.”

“मला वेळ लागेल.”

लेक जन्मात कधी चहा प्याली नव्हती. सिस्टरच्या ते लक्षात आलं, पण अशा वेळी माणूस काहीही बोलतं म्हणून तिने सोडून दिलं.

मग ती आणि नात, दोघीच. पेटी उघडी. बाटली हाताशी. सिस्टरने झाकण फिरवलं. हात काम विसरलेला नव्हता, नावही तयार होतं. ती उभी राहिली आणि तिला लेक दिसली, दप्तर खांद्यावर घेऊन दारात उभी. ‘वेळ नव्हता म्हणून?’ आज तर वेळही होता. सिस्टरला वाटलं, एवढं सगळं झाल्यावरही पोरीने मला हिच्यापाशी एकटं सोडलं. माझ्या शब्दावर विसंबून सोडलं. आणि तिची पाठ फिरताच मी हातचलाखी करायची? मग मी तीच बाई राहिले, मुलं पळवणारी.

ती देवाला म्हणाली, तूच बघ आता. मला बांधून ठेवलंय. तुला काही बांधलेलं नाही.

तिने झाकण परत लावलं, घट्ट. नातीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढावा असंही मनात आलं, पण शब्दाला जागायचं तर पुरतं जागायचं. ती नुसती पाय धरून बसली. हे करताना तिला अभिमान वाटला, हे सांगायलाच हवं. आयुष्यात पहिल्यांदा लेकीचं ऐकतेय, असा अभिमान.

लेक परत आली तेव्हा चहा गार झाला होता. तिने बाटलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. संध्याकाळच्या आत पोर गेली. आईच्या छातीवर गेली, बाप तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, आणि यंत्र बंद करायला आलेली नर्स इतकी हळू चालत आली की सिस्टरला तिचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर लेकीच्या घरी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. धुवायला फारशी भांडीच नव्हती, कोणी काही खाल्लं नव्हतं. लेक येऊन दाराला टेकली.

“आई, कोणतं नाव ठेवलंस?”

सिस्टर पुसतच राहिली. “कोणाचं?”

“तिचं. पाणी लावताना.” लेकीचा आवाज बसलेला होता. “मी चिडणार नाही. मी गेलेच होते त्यासाठी. जिन्यात बसून होते, हातात तो चहा घेऊन. तोंडाने सांगवेना मला, एवढी मोठी भाषणं दिल्यावर. म्हटलं, आई काही शब्दबिब्द पाळणार नाही. पाणीवाली सिस्टर आहे ती. तिला बाटली दाखवली की पुरे.” ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. “माझा कशावर विश्वास नाही गं. पण ती अशीच, कोणाचीच नसल्यासारखी गेली असती ना, तर मला सहन झालं नसतं. तू होतीस म्हणून.”

सिस्टरच्या हातातली ताटली कोरडी ठणठणीत झाली होती तरी ती पुसत होती.  खरं सांगितलं तर काय उरत होतं? एक शब्द पाळला, एवढंच. तो कोणाच्या कामाचा होता?

“तुझ्या आजीचं,” ती म्हणाली. “तुझ्या आजीचं नाव ठेवलं.”

लेक तिथेच खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. सिस्टरने तिचं डोकं पोटाशी धरलं. लेकीला हलकं होताना तिच्या हातांना कळत होतं, आणि तेवढंच ओझं आपल्यावर येताना.

दुपारी फादर आले. तीन चर्च एकट्याने सांभाळणारा माणूस, सगळं आयुष्य गाडीत चाललेलं. चांगले होते. लेकीने त्यांना स्वतः बोलावलं होतं, आणि आईने काय केलं ते सांगितलंही होतं.

“देवाने तुम्हाला तिथे ठेवलं, सिस्टर,” ते म्हणाले. “एक विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. पाणी डोक्यावरून वाहिलं ना? आणि शब्द?”

लेक समोर बसली होती. जावई बसला होता, त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण तोही पुढे झुकून ऐकत होता.

“वाहिलं,” सिस्टर म्हणाली. आणि तिने ते वाक्य म्हणून दाखवलं, सासूच्या नावासकट, एकही शब्द न चुकता, टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत. उभ्या हयातीत तिने ते इतकं स्पष्ट कधी म्हटलं नव्हतं. फक्त खाली मूल नव्हतं.

“आमेन,” फादर म्हणाले. जावयानेही म्हटलं, चाचरत.

दफन नीट झालं. छोट्या पेटीवर लेकीच्या आजीचं नाव होतं. सिस्टरने मूठभर माती टाकली आणि मनातल्या मनात नातीला म्हणाली, मी तुला तिथे काय नावाने शोधू गं? तुला माझ्याशिवाय कोणीच त्या नावाने हाक मारलेली नाही, आणि मी मारली तीही खोटी.

रविवारी लेक चर्चला आली. दारात थबकली, मग आईशेजारी बसली. मोजकी डोकी होती, बहुतेक पांढरी. गाणी आता भिंतीवरच्या पडद्यावर दिसत, आणि पडदा एक ओळ मागे राहायचा.

“माझा अजून विश्वास नाही,” लेक कानात म्हणाली. “पण ती जिथे आहे तिथल्या माणसांशी ओळख ठेवावी म्हटलं.”

प्रसाद घ्यायची वेळ आली तशी लोकं उठून रांगेत लागली. सिस्टर उठली नाही. मनावर असलं पाप ठेवून तो प्रसाद तोंडात घ्यायचा नसतो, हे तिला आठ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. आधी पापाची कबुली द्यायची, पश्चात्ताप करायचा. तिला पश्चात्ताप होता, रात्रंदिवस होता, पण खोटं बोलल्याचा नव्हता. लेकीने उद्या पुन्हा विचारलं असतं तर ती पुन्हा तेच बोलली असती. पश्चात्ताप होता तो त्या घट्ट लावलेल्या झाकणाचा, आणि शब्द पाळल्याची कबुली कुठल्या तोंडाने द्यायची असते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

“मी गेले तर चालेल?” लेकीने विचारलं. “इतक्या वर्षांनी?”

नियमाने बघायचं तर लेकीलाही आधी फादरांपाशी कबुलीला बसायला हवं होतं. एरवी सिस्टरने हे नक्की ऐकवलं असतं. “जा,” ती म्हणाली.

“तू?”

“गुडघे धरलेत आज.”

लेक गेली. रांगेत ती सगळ्यांत तरुण होती. परत आली तेव्हा चेहरा सुजलेला होता, पण शांत होता. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला आणि गुडघ्यावर ठेवून हळूहळू चोळू लागली.

“आता मी येत जाईन,” ती म्हणाली. “दर रविवारी. पुढच्या वेळी मी धरून नेईन तुला पुढे, अगदी फादरांच्या समोर. गुडघ्यांचं काही चालू द्यायचं नाही.”

सिस्टरने मान हलवली. पडद्यावर पुढचं गाणं आलं होतं आणि लेक ते वाचून वाचून म्हणत होती. सिस्टरला ते पाठ होतं, पण तिने तोंड उघडलं नाही.