चांदीची कडी

चोरखमारा गावच्या अनुसयाबाईला पाच लेकरं होती आणि सहावं नको होतं. एकोणीसशे अडतीस साली ती बहिणीकडे नागपूरला गेली, तेव्हा तिथल्या एका डॉक्टरणीने तिच्या गर्भाशयात चांदीच्या तारेची बारीक कडी बसवली. अंगावरून जास्त जायला लागलं तर लगेच यायचं, असं बजावलंही. ही गोष्ट ठाऊक होती ती फक्त नवऱ्याला, टेकचंदला.

दोन महिने बरे गेले. तिसऱ्या पाळीला मात्र ती बाहेर बसली ती बसलीच. पाचवा दिवस गेला, दहावा गेला, रक्त थांबेना. चुलीपाशी सासू शामकलाबाई बसू लागली. तिला दिसायचं कमी. भाजीत मीठ दोनदा पडायचं, भात खाली लागायचा. टेकचंद निमूट जेवायचा, लेकरं पडवीत येऊन आईकडे तक्रार करायची. तिला हसू यायचं, पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. कडीचं कळलं तर सासू घरात ठेवणार नाही, ही धास्ती वेगळीच.

सोळाव्या दिवशी शामकलाबाई पडवीत आली आणि शिवाशिव न पाहता सुनेच्या घोंगडीवरच बसली. तिचा हात हातात घेतला. गारेगार.

"काऊन लपवून राहिली? खरं सांग."

अनुसयाबाईने सगळं सांगून मान खाली घातली.

"मले अकरा झाले, वाचले सहा," सासू म्हणाली. "माह्या वेळेस अशी कडी असती तं मी नागपूरले पायी गेली असती."

दुसऱ्या दिवशी पहाटेच टेकचंदने रेंगीला बैल जुंपले. तिरोड्याहून रेल्वेने तिघं गोंदियाला गेली. तिथल्या डॉक्टरणीने थोड्याच वेळात कडी काढली. ही कडी सगळ्यांनाच मानवत नाही, काहींना आतून घासून असा रक्तस्राव होतो, आणखी आठ दिवस काढले असते तर जिवावर बेतलं असतं, असं तिने समजावलं आणि रक्त वाढायचं औषध दिलं.

शामकलाबाई उठेना. आता दुसरा उपाय कोणता, असं तिने सरळ विचारलं. पुरुषानेही सांभाळायचं असतं, असं डॉक्टरीण म्हणताच शामकलाबाई दाराशी गेली.

"टेकचंद, आत ये. हे तुले ऐकाचं हाये."

टेकचंद आत गेला आणि कान लाल करून, हातात कागदी पुडकं घेऊन बाहेर आला. नीट समजलं का, म्हणून आईने विचारलं, तर त्याने जमिनीकडे बघत मान हलवली. अनुसयाबाई पदराआड इतकी हसली, की सासूने तिला सावरून धरलं आणि स्वतःही हसू लागली.

चौथ्या दिवशी रक्त थांबलं.