बंद केबिनमधला चहा

कल्याण आप्पा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. नुसते गालात हसले. आणि त्या हसण्यानं जेवढा घोटाळा केला, तेवढा एखाद्या पट्टीच्या थापाड्यालाही जमला नसता.

आप्पा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीत पॅकिंगचे सुपरवायझर. कंपनी सुरजमल शेठची. कपाशीचं, मक्याचं बी यायचं, ते साफ करायचं, औषध चोळायचं, पिशव्या भरायच्या. आता शेठ अंबड रोडला दुसरा प्लँट टाकत होते, आणि तिथं मॅनेजर कोण होणार या एका प्रश्नावर सगळी कंपनी उन्हाळाभर चहा पीत होती.

अशात एका दुपारी शेठनं आप्पांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आत चहा गेला. बराच वेळ झाला, आप्पा काही बाहेर येईनात. मग परत चहा गेला. आता या कंपनीत कागदी कपातला चहा सगळ्यांनाच मिळतो, पण कपबशी फक्त पाहुण्यांना आणि बँकेच्या साहेबांना. पुंजाराम हमाल दाराशी पोती उतरवत होता. त्यानं दोनदा कपबशी आत जाताना पाहिली आणि पुढचा हिशोब त्याचा त्यानं करून टाकला. आप्पा बाहेर येईपर्यंत अख्ख्या गोदामात आप्पा मॅनेजर झाले होते.

आत काय झालं होतं ते ऐका. शेठनं संगणकाचा पडदा आप्पांकडं वळवला आणि शांतपणे म्हणाले, "बैठो, कल्याणराव. थोडा पिक्चर बघू."

पिक्चर गोदामातल्या कॅमेऱ्याचा होता. मक्याच्या पोत्यांची थप्पी, थप्पीवर आप्पा, आडवे. चप्पल खाली जोडीनं ठेवलेली, हात पोटावर, तोंड उघडं. एक माशी येऊन ओठावर बसली, इकडं-तिकडं फिरली, उडून गेली, आणि बहुतेक जागा आवडल्यामुळं परत आली. शेठ आवाज चढवणाऱ्यातले नाहीत. त्यांनी तो पिक्चर पुढं न पळवता पहिल्यापासून दाखवला. आणि दुसरा चहा का मागवला म्हणाल, तर स्वतःचीच झोप बघता बघता आप्पांना खुर्चीत डुलकी यायला लागली होती.

शेवटी शेठ म्हणाले, "उमर झाली, झोप येते. मला पण येते. पण मी घरी जाऊन झोपतो. परत असं नको. आणि ही बात तुमच्यामाझ्यात. बाहेर एक शब्द जाणार नाही, माझा शब्द आहे."

आप्पा कान लाल करून बाहेर आले. समोर पुंजाराम.

"काय म्हणले शेठ?"

"काही न्हाई," आप्पा म्हणाले, आणि लाजेनं तोंड कुठं लपवावं ते न कळून गालात हसले.

झालं. पुंजारामला जे पाहिजे होतं ते मिळालं. माणूस रडका चेहरा करून 'काही न्हाई' म्हणाला असता तर चार लोकांनी विचारपूस केली असती आणि विषय संपला असता. पण हसून 'काही न्हाई' म्हणणं म्हणजे आपल्याकडं सहीशिक्क्यासारखंच असतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले तर त्यांची खुर्ची पुसून ठेवलेली. बी निवडणाऱ्या बायांची पुढारीण साळूबाई, जी एरवी आप्पांना लोणच्याची फोडसुद्धा दाखवत नसे, तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं सरकवली. "खा आप्पा, तिकडं गेल्यावर आमाला इसरू नका."

"कुठं जाऊन राह्यलो मी?" आप्पा म्हणाले. हसले. चटणी घेतली.

रात्री आप्पांनी स्वतःची खरडपट्टी काढायची ठरवलं. स्वतःवर चिडले की ते स्वतःला मानानं हाक मारत. कल्याणराव, त्यांनी विचारलं, तुम्ही कुणाला सांगितलं का की मी मॅनेजर झालो? नाही. मग तुम्ही खोटं बोललात का? मुळीच नाही. मग लोकांचं तोंड धरायला तुम्ही काय पोलीस आहात? एवढं झाल्यावर खरडपट्टी आपोआप संपली आणि आप्पांना गाढ झोप लागली. झोपेचं त्यांना कधीच काही कमी पडलं नव्हतं.

बायकोला, म्हणजे दैवशालाला, बातमी शेजारणीकडून कळली. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "अहो, खरंय का? घरात तरी सांगावं माणसानं."

"शेठनं शब्द दिलाय. बाहेर एक शब्द जाणार न्हाई," आप्पा म्हणाले. हे तर अक्षर अन् अक्षर खरं होतं. दैवशालानं समजून मान हलवली आणि भाकरी तव्यावर टाकून आष्टीला भावाला फोन लावला.

तिचा भाऊ आदिनाथ. गावात कुणाच्या पोराला पोलीस भरतीचा नुसता कॉल आला तरी चौकात फ्लेक्स लावणारा माणूस. चार दिवसांनी आप्पांच्या मोबाईलवर फोटो आला. आष्टीच्या चौकात, बाजाराच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांना ताणून बांधलेला फ्लेक्स. 'आष्टीचे लाडके जावई मा. श्री. कल्याणराव यांची नूतन प्लँटच्या मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधे आप्पा, आदिनाथच्या लग्नातले, गॉगल लावलेले. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात आदिनाथचा फोटो आप्पांच्या फोटोपेक्षा मोठा.

आप्पांनी लगेच फोन लावला. "आदिनाथ, आरं हे काय केलं? कामून लावला?"

"दाजी, आठवडी बाजाराला सगळ्यांनी पाह्यला. सरपंच थांबून वाचून गेले."

"सरपंच?" आप्पांचा आवाज उतरला. "बराबर वाचला का?"

"गॉगल चांगला दिसून राह्यला म्हणले."

तिथं आप्पांनी 'काढून टाक' म्हणायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "कशाला एवढं," आणि हसले. फोनवरसुद्धा ते हसू आदिनाथला ऐकू गेलं.

पुढं पुढं तर आप्पांनाच शंका येऊ लागली. असेलही शेठच्या मनात. पिक्चर दाखवला खरा, पण कपबशीत चहा दिला. दुसऱ्यांदा दिला. आणि मॅनेजर कसा पाहिजे? निश्चिंत पाहिजे. पोत्यांवर इतका निश्चिंत माणूस शेठनं दुसरा पाहिला असेल का? आप्पा जुन्या वर्तमानपत्रावर इंग्रजी सहीचा सराव करू लागले. अफवा पसरवणारे पुष्कळ असतात, पण स्वतःबद्दलची अफवा, खोटी आहे हे पक्कं माहीत असताना, स्वतःच खरी मानणारा माणूस जालना जिल्ह्यात तरी एकच असावा.

मग सोमवारी शेठ गोदामात आले, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं की अंबड रोडच्या प्लँटची मॅनेजर तृप्ती.

तृप्ती म्हणजे बियाण्याची उगवण तपासणारी पोरगी. अंबडची. शेतीची पदवी घेऊन आली आणि रोज एसटीनं येऊन-जाऊन काम करायची. आप्पांना काका म्हणायची, डबा त्यांच्यासोबत खायची. तिनं नापास केलेलं बी शेठसुद्धा पास करून घेऊ शकत नसत, आणि त्यामुळंच शेठनं तिला निवडलं होतं. पण हे कुणी ऐकून घ्यायला पाहिजे ना. सगळ्यांच्या माना आप्पांकडं वळल्या. कुणी टाळी वाजवली नाही. आप्पांना वाजवायची होती, पण सगळे इतक्या दुःखानं बघत होते की हात वर येईना.

दुपारपर्यंत बोलणं सुरू झालं. पोरीचा वशिला असणार. पोरीनं आप्पाच्या तोंडचा घास काढला. साळूबाई आणि तिच्या बाया तृप्तीशी बोलेनात. तिनं काही विचारलं तर सुपातलं बी जोरात पाखडायच्या. पुंजाराम तिच्या टेबलापाशी नमुन्याची पोती धप्पदिशी आदळू लागला.

"आरं, मला पद कुणी दिलंच नव्हतं," आप्पा पुंजारामला म्हणाले. "काही संबंधच न्हाई."

दुर्दैव असं की बोलताना त्यांना ओशाळं वाटलं, आणि ओशाळं वाटलं की त्यांचा चेहरा एकच काम करायचा. पुंजाराम त्यांच्याकडं बघतच राहिला. संध्याकाळी सुट्टी होईपर्यंत नवी बातमी फिरली, की पद आप्पांचंच होतं, पण पोरीचं भलं व्हावं म्हणून त्यांनी सोडलं. साळूबाईनं जाता जाता आप्पांच्या पायाला हात लावला. घरी दैवशालानं पुरण घातलं. इतका मोठ्या मनाचा माणूस आपल्यात राहतो हे ऐकून आप्पांनाच भरून आलं, आणि तो माणूस कोण हे आठवायला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी तृप्ती आली. डबा आणला नव्हता.

"काका, मी शेठला न्हाई म्हणून सांगणार हाय."

"कामून?"

"तुमी सोडलेल्या खुर्चीत मी कशी बसू? मला वाटलं माझं काम बघून दिलं. बाबांना तसंच सांगितलं. रात्री त्यांनी गल्लीत पेढे वाटले. आता कळून राह्यलं की दया म्हणून भेटलं. बाया माझ्याशी बोलत न्हाईत काका. तिथं जाऊन मी कुणाकडून काम करून घेऊ?"

"आगं, मी काही सोडलंबिडलं न्हाई."

"तुमी असंच म्हणणार. सगळे तेच सांगून राह्यले, की आप्पा कबूल करणार न्हाईत."

आप्पांनी घास खाली ठेवला. इतके दिवस जे गोड लागत होतं ते सगळं एकदम कडू लागलं. त्यांना लाज वाटली, आणि ही लाज केबिनमधल्या लाजेसारखी नव्हती. पोरीनं जे कमावलं होतं ते आपल्या एका हसण्यानं तिच्या हातून चाललंय, आणि आपण पुरण खाऊन झोपलो. गप्प बसलं तर आपला मोठेपणा राहतो. बोललं तर कुणी खरं मानत नाही. कल्याणराव, ते मनात म्हणाले, तुमचा शब्द तर बिनकामाचा निघाला, आता तुमचा पिक्चरच कामाला येतो का बघा.

ते उठले आणि सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले.

"शेठ, तो पिक्चर सगळ्यांना दाखवायचा."

शेठनं चष्मा काढला. "मी शब्द दिला होता, कल्याणराव."

"तो शब्द मी तुमाला परत करून राह्यलो."

"लोक हसतील."

"हसू द्या शेठ. माझ्या हसण्यानं सगळं बिघडलं. त्यांच्या हसण्यानं दुरुस्त झालं तर बघू."

संध्याकाळच्या चहाला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. शेतकरी मेळाव्याला लावतात तो मोठा टीव्ही लावला. तृप्ती मागं भिंतीला टेकून उभी होती. आप्पा टीव्हीजवळ गेले आणि चेहरा मोठ्या कष्टानं सरळ ठेवून म्हणाले, "त्या दिवशी शेठनं मला केबिनमधे कशाला बोलावलं व्हतं, ते बघा. मंग ज्याला माझ्या पाया पडायचं त्यानं पडा."

पोत्यांची थप्पी दिसली. थप्पीवर आप्पा दिसले. हॉलमध्ये आधी कुणाला काही कळेना. मग माशी आली. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा मागून कुणीतरी खुसकन हसलं आणि तोंड दाबलं. पुंजाराम स्वतःच पडद्यावर आला, थप्पीजवळ पोतं टेकवलं, आप्पांकडं बघितलं आणि आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर निघून गेला. हॉलमधला पुंजाराम मान खाली घालून बसला.

एवढ्यावर भागलं असतं. पण पिक्चर पुढं होता, आणि हा भाग आप्पाही विसरले होते. पडद्यावरचे आप्पा दचकून उठले. बाहीनं तोंड पुसलं, सदरा नीट केला, चप्पल घातली आणि ताडताड चालत बी निवडणाऱ्या बायांसमोर जाऊन बोट नाचवू लागले. पिक्चरला आवाज नव्हता. आवाज साळूबाईनं दिला.

"आता गं बया. हा तोच दिवस," ती उठून उभी राहिली. "मी जरा पाठ टेकली व्हती तर मला म्हणले, हितं काय झोपा काढायला आल्या का."

मग जो हशा पिकला तो चहा गार झाला तरी थांबेना. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. शेठ चष्मा काढून डोळे पुसत होते. पुंजाराम म्हणाला, "आन मी ह्यांची खुर्ची पुसली राव," आणि परत सगळे सुरू झाले. आप्पा टीव्हीजवळ उभे राहून सगळं अंगावर घेत होते. जळत होतं, पण हलकंही वाटत होतं.

तृप्ती पुढं आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"म्हणजे तुमाला खरंच कुणी विचारलं नव्हतं, काका?"

"बिलकुल न्हाई."

"मंग मी जाते अंबड रोडला," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "पण पोत्यांवर पहिला कॅमेरा मी लावणार."

साळूबाई तिच्याजवळ गेली आणि नव्या प्लँटला बाया लागणार असतील तर सांग म्हणाली. वशिल्याची गोष्ट कुणी परत काढली नाही. बोलायला आता त्याहून चांगला विषय होता.

तो विषय अंधार पडायच्या आत आष्टीला पोचला. आदिनाथचा फोन आला. "दाजी, त्या फ्लेक्सचं आता काय करू?"

"सोयाबीनच्या ढिगावर झाक," आप्पा म्हणाले. "तोंड खाली करून."

दैवशालानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तोंड उघडंच व्हतं का?"

"व्हय."

"घरात तरी कुठं झाकता," ती म्हणाली आणि आदल्या दिवशीचं पुरण गरम करून वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि आप्पांच्या डोळ्यांवर पेंग आली. एवढ्यात पुंजाराम समोर येऊन उभा राहिला. हातात शेठच्या पाहुण्यांची कपबशी, वाफाळलेली. सगळ्या बायांची सुपं थांबली.

"घ्या आप्पा. पिक्चर चालू हाय," पुंजारामनं वर कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं.

आप्पांनी वर बघितलं, कॅमेऱ्याला हात जोडले आणि हसले. या वेळी गालात नाही. तोंड उघडं टाकून हसले, आणि त्या हसण्याचा दुसरा काही अर्थ कुणालाच काढता आला नाही.