दाराशी लावलेली गाडी

बुटांचा एक जोड. आतून लोकरीचा, टाचेला झिजलेला. फडताळात, कुलपाआड.

नारिंगी रंगाची लांब वायर, बर्फावर वेटोळी घालून पडलेली.

एक खोली. दारावर पाटी, ‘शांत कक्ष’. आत एक खाट, फरशी पुसायची बादली आणि गेल्या नाताळचं प्लास्टिकचं झाड.

शाळेची बस आज दुसराच कुणीतरी चालवतोय. वळणावर गिअर किंचाळतो.

छातीत कळ आली तर काय करावं, याची भिंतभर रंगीत चित्रं. जगावंसं वाटत नसेल तर काय करावं, याचं एकही नाही.

*

हे सगळं कॅनडात, सस्कॅचवानमधल्या ब्रँडल गावचं, एकाच दिवसाचं. बूट वेंडेल क्रानचे.

शाळेची बस चालवण्यात वेंडेलचं अख्खं आयुष्य गेलं. ओरिसिया हावरिश लहानपणी त्याच बसने शाळेत जायची. आता ती गावच्या इस्पितळात, तातडीच्या विभागात नर्स होती. त्या सकाळी वेंडेल आपल्या पायांनी आला. गाडी त्याने कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या रिंकमागे लपवून लावली आणि तिथून चालत आला. ब्रँडलमध्ये लोक आधी गाडी ओळखतात, मग माणूस.

“पोरी,” तो काचेशी वाकून हळूच म्हणाला, “काल जीव द्यायला निघालो होतो. मागे फिरलो. आज फिरेन याची खात्री नाही, म्हणून आलो.”

छाती धरून आला असता तर सगळं इस्पितळ धावलं असतं. इथे पहिलं काम काय, तर त्याचे बूट काढून घेणं. असल्या पेशंटकडे बूट ठेवायचे नाहीत, म्हणजे तो बर्फात पळून जात नाही, असा नियम. ओरिसियानेच ते काढून घेतले.

“चोर आहे का मी?”

“नाही हो, मिस्टर क्रान.”

“मग?”

ओरिसियाने त्याला शांत कक्षात नेलं. तिने बादली तेवढी बाहेर काढून ठेवली.

डॉक्टर पडद्यावर होते, दूर शहरात. त्यांनी वेंडेलशी नीट बोलून घेतलं, शहरात बेडही मिळवला आणि आभार मानता मानता तोंड उघडं टाकून गोठले. नेटवर्क गेलं होतं.

आता न्यायचं कसं? ओरिसियाने जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीला फोन लावला.

“पोलीस येऊन नेतील,” तिकडची बाई म्हणाली.

“पोलीस? केलंय काय त्यांनी?”

“असे पेशंट तसेच नेतात. मागच्या सीटवर, बेड्या घालून. सुरक्षेसाठी.”

“कुणाच्या?”

“हे बघा सिस्टर—”

“बघतेच आहे. खिडकीतून मला रुग्णवाहिका दिसतेय. रिकामी उभी आहे.”

“ती खऱ्या इमर्जन्सीसाठी असते.”

ओरिसियाने फोन कानापासून लांब धरला, जणू त्यातून वास येत होता. “खरी म्हणजे कशी? मेल्यावर कळवू का?”

तिकडून संगीत सुरू झालं. सनईच्या जवळपासचं काहीतरी, लग्नात शोभेल असं.

वेंडेलने दारातून सगळं ऐकलं होतं. “बेड्या घालून गावातून नेलं, तर मला पुन्हा बसवर कोण बसू देईल? आणि पोरं बघतील. पोरी, बस गेली तर माझ्याकडे राहिलं काय?”

“तसं मी नेऊ देणार नाही,” ती म्हणाली. कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

*

तेवढ्यात रिंकचा बर्फ राखणारा डेलबर्ट धाडकन आत आला. माणूस सोन्यासारखा, आवाज भोंग्यासारखा.

“वेंडेल आत आहे ना? बर्फात पावलं इकडेच आलेली दिसली. त्याला सांगा, गाडी दाराशी आणून ठेवलीय! रिंकमागे तशीच सोडली होती येड्याने, इंजिन गरम ठेवायची वायरही न लावता. या थंडीत इंजिनाचा दगड झाला असता. चावी आतच होती. मी आणली, प्लगला लावली. जरा वेळात गरम होईल.”

मोडलेला हात घेऊन बाकावर नंबरची वाट बघणाऱ्या मिसेस टूव्ह्स उठून खिडकीपाशी गेल्या. “अगंबाई, त्याचीच की! काय झालंय त्याला? आज बसवर नव्हता तो!”

कुणाची गाडी गारठून मरू द्यायची नाही, एवढं हे गाव भलं. डेलबर्टने उभ्या जन्मात केलेलं बहुधा सगळ्यात प्रेमळ काम हेच, आणि त्यानेच वेंडेलचं झाकलेलं सगळं उघडं पाडलं.

वेंडेल मोज्यांवरच बाहेर आला. चेहरा खडूसारखा.

“बूट दे माझे. घरी जातो.”

घरी गेला तर काय, ते दोघांनाही माहीत होतं. तिने नाही म्हटलं तर तो असाच, मोज्यांवर, बर्फात निघाला असता. कचेरीने धाडलेले पोलीस वाटेत होते.

ओरिसियाने फडताळ उघडलं. “बूट देते. चावी माझ्याकडे राहील. शहरात मी नेते तुम्हाला, तुमच्याच गाडीतून.”

पडद्यावर डॉक्टरांचं तोंड पुन्हा हललं. “ते स्वतःहून येतायत?”

“सकाळी आलेही स्वतःहूनच होते.”

“मग त्यांना अडवायचा कागद मी केलेला नाही आणि करणारही नाही. जपून चालवा.”

पाळी बदलायची वेळ झालीच होती. दुसऱ्या पाळीची ग्वेंडा कोट टांगत म्हणाली, “जा गं. मी काही पाहिलं नाही. मिसेस टूव्ह्स, तुम्ही साक्षीला आहात, मी काही पाहिलं नाही!”

मिसेस टूव्ह्सनी पुढे होऊन मोडक्या हातानिशी दार उघडं धरलं.

डेलबर्टने वायर काढून गुंडाळली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

गावाबाहेर समोरून पोलिसांची गाडी आली आणि निघून गेली. वेंडेल बराच वेळ आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघत राहिला.

“वळणावर गिअर आधी टाक, पोरी.”

“ड्रायव्हरशी बोलू नये. तुमच्याच बसमध्ये पाटी होती.”

तो हसला नाही, पण त्याने पट्टा लावला.

*

शहरात त्याला बेड मिळाला. ओरिसियाला मिळाली लेखी ताकीद: रुग्णास असुरक्षित वाहनातून नेले. ती तिने वाचून दाखवली तेव्हा ग्वेंडाने विचारलं, सुरक्षित बेड्या कुठल्या दुकानात मिळतात? बैठक झाली, बराच खल झाला, आणि शेवटी एक सुधारणा मंजूर झाली. बुटांच्या फडताळाला नवं, दणकट कुलूप बसलं. बादली परत शांत कक्षात गेली.

त्या सकाळी आत पाऊल टाकण्याआधी वेंडेलने दारातच बूट आपटून बर्फ झटकला होता, फरशी भिजू नये म्हणून.