निबंधावरचं पहिलं नाव

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मेंग प्राध्यापकांच्या अंगणात शंभर कोबी मिठात मुरून तयार होते, आणि ते धुवायला सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले चार पीएच.डी. उकिडवे बसले होते. वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस. आमंत्रण कुणालाच नसायचं. कोण आलं नाही तेवढं प्राध्यापकांच्या पत्नी, बाईसाहेब, लक्षात ठेवायच्या, आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागलं की न आलेल्यालाही ते कळायचं.

प्यो उन-जू अकरा वर्षं न चुकता येत होती. वय बेचाळीस. चोंगजू शहरातल्या त्या विद्यापीठात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. दर सहा महिन्यांनी नवी नेमणूक. वर्गात मात्र तिचा दरारा. "दिसलं तेवढंच लिहा. दिसायला हवं होतं ते लिहू नका," असं ती सूक्ष्मदर्शकाशी वाकलेल्या पोरांना बजावायची. सहा वर्षं गमबूट घालून तिने डुकरांच्या गोठ्यांचं सांडपाणी उपसलं होतं आणि औषधांना दाद न देणारा एक जिवाणू शोधून काढला होता. त्यावरचा शोधनिबंध आता छापायला जायचा होता.

"प्यो मॅडम, मसाला पानापानात गेला पाहिजे हं," बाईसाहेब ओट्यावरून म्हणाल्या. "गेल्या वर्षीचे तुमचे गड्डे आतून पांढरेफटक निघाले."

"हो, बाईसाहेब."

शेजारी बसलेला गिल, तोही तिच्यासारखाच तासिकेवरचा, हळूच पुटपुटला, "जिवाणूंवर पीएच.डी. केली, आता त्यांच्याच जेवणाची तयारी करा."

इतक्यात मेंग सरांनी प्योला आत बोलावलं. त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला. कोपऱ्यात त्यांची मुलगी से-रा अभ्यास करत बसली होती.

"वसंतात एक कायम जागा निघतेय. समिती माझ्या शब्दाबाहेर नाही," मेंग म्हणाले. "तुमच्या त्या निबंधावर पहिलं नाव से-राचं घाला. तुमचं दुसरं. पुढच्या वर्षी तिला वैद्यकीयला प्रवेश घ्यायचाय."

"सर, तिने प्रयोगशाळेत पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही."

"ठेवलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं का?"

से-राने मान वर केली. "बाबा, तो जिवाणू गोल असतो की लांबट, तेही मला माहीत नाही."

"तुला कुणी विचारलंय? अभ्यास कर." मग ते प्योकडे वळले. "आठ वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचं नाव घातलंत, तेव्हा नाही हात झडला?"

प्योची मान खाली गेली. खरंच होतं ते. पुतण्याने अमुक प्रयोग केले, असं तिने सहीनिशी लिहून दिलं होतं. तो आता डॉक्टर होऊन लोकांच्या नाड्या बघत होता.

तिने चहाचा कप परत सरकवला. मग म्हणाली, "या वेळी नाही, सर."

"काय नाही?"

"नाव घालणार नाही. हिचं नाही, यापुढे कुणाचंच नाही."

मेंग हसले. "मग करणार काय? बाजारात कोबी विकाल?"

"विकीन. कुणी पिकवला म्हणून विचारलं, तर खरं सांगता तरी येईल."

ती अंगणात आली, आपले हातमोजे उचलून ओट्यावर परत ठेवले. "अहो, निम्मे गड्डे बाकी आहेत!" बाईसाहेब ओरडल्या. तिघा विद्वानांनी माना कोबीत खुपसल्या. एरवी परिषदांमधून सत्याचा शोध घेणारी ही मंडळी. त्या दिवशी त्यांना मीठ कमी पडलंय की जास्त, एवढाच शोध घ्यायचा होता.

तिला कुणी काढलं नाही. धड नेमलेलंच नव्हतं, तर काढायचं कशाला? वसंताच्या वेळापत्रकात तिचं नाव नव्हतं, एवढंच. मार्चमध्ये गिलचा स्वतःचा एक निबंध छापून आला, पहिलं नाव मेंग से-रा. कायम जागाही गिललाच मिळाली. त्याने तिला निरोप पाठवला : "मला दोन मुलं आहेत, मॅडम."

मुलं मेंगनाही होती. मुलांसाठीच तर सगळं चाललं होतं. दुसऱ्यांच्या मुलांनी कुठे जायचं, हे त्या विभागात कुणाच्याच संशोधनाचा विषय नव्हता.

प्योने दोन दिवस बसून तक्रार लिहिली आणि स्वतः राजधानीला जाऊन शिक्षण मंत्रालयात दिली. पुतण्याचा तो जुना निबंध तिने सगळ्यात वर लावला होता. तो रद्द झाला तर तिची कायम जागेचीच काय, कुठे तासिकेवर शिकवायची आशाही संपणार होती.

खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिले.

"बाई, दोषी व्यक्तींच्या रकान्यात पहिलं नाव तुमचंच पडलंय. चुकून झालं असेल. नवा अर्ज देऊ का?"

"चुकून नाही. ती खोटी सही मी केली होती," प्यो म्हणाली. "आता त्याच्या खालचं नाव वाचा. जरा मोठ्याने वाचा."