पुढचा उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुने वॉशिंग मशीन आहे. जुने म्हणजे अकरा वर्षांचे. हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या वयावरून पुढे मोठा घोटाळा झाला आणि मी भंगारात जाता जाता वाचले.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माझ्यासारखीच आणखी चाळीस मशीन त्याच दिवशी जन्मली होती, त्यामुळे माझे कौतुक करायला तिथे कुणाला सवड नव्हती. कौतुक झाले ते या घरी आल्यावर. बाबांनी मला बाथरूमशेजारच्या कोपऱ्यात बसवले. आईने माझ्यावर फुलाफुलांचे कापड घातले. ताई तेव्हा चार वर्षांची होती. ती माझ्या गोल काचेसमोर मांडी घालून बसायची आणि आपला फ्रॉक गरगर फिरताना दिसला की टाळ्या वाजवायची. आजीचा मात्र माझ्यावर विश्वास नव्हता. पहिले वर्षभर ती प्रत्येक शर्ट उजेडात धरून कॉलर तपासायची. कॉलर स्वच्छ निघाली की तिला थोडे वाईटच वाटायचे.

दहा वर्षे मी मान मोडून काम केले. मग एके दिवशी ताईचा एक मोजा माझ्या मागे पडला. तो काढायला बाबांनी मला ओढले आणि मोजा मिळाल्यावर गुडघ्याने ढकलून परत जागी लावले. आता आमचे पाय असतात स्क्रूसारखे. फिरवले की लांब होतात, उलटे फिरवले की आखूड. त्या ओढाताणीत माझा पुढचा उजवा पाय फिरला आणि आखूड झाला. मोजा सापडला, पण मी लंगडे झाले.

त्या दिवसापासून कपडे पिळायची वेळ आली की मी थडथड उडू लागले. एकदा तर पाण्याची नळी ताणत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मला तिकडे काही काम नव्हते. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, "गिरणी टाकलीत का हो?"

बाबांनी उपाय केले, नाही असे नाही. पुठ्ठ्याची घडी, ताईची भूगोलाची वही आणि अर्धी चप्पल, असे सगळे त्यांनी माझ्या पायाखाली सारले. फक्त डाव्या. मग ते स्वतः माझ्यावर बसू लागले. त्यांना ऑफिसातून फोन आला तोही त्यांनी तिथूनच घेतला. "हो स-स-साहेब, ल-ल-लगेच करतो," असे ते म्हणाले. साहेबांनी त्यांना दोन दिवस सुटी घ्यायला सांगितले.

"बास झालं," बाबा म्हणाले. "रविवारी नवीन आणू. हे जाऊ दे भंगारात."

"अहो, आधी मेकॅनिकला विचारा तरी," आई म्हणाली. "तो काय म्हणेल ते करू."

मित्रांनो, माझा जीव आता त्या न पाहिलेल्या मेकॅनिकच्या एका शब्दावर टांगला होता. बाबांनी त्याच्या दुकानात निरोप ठेवला आणि दिवसा घरी आजी असते म्हणून नंबर आजीचा दिला. तिला सांगायचे मात्र ते विसरले.

इकडे आजीचाही एक निरोप गेलेला होता. तिचा गुडघा दुखत होता. घरात तिने चारदा सांगून पाहिले, पण माझ्या खडखडाटात ते कुणाच्या कानावर गेले नाही. शेवटी तिने स्वतःच डॉक्टरांकडे फोन केला. "ते फोन करतील," असे तिथल्या बाईंनी सांगितले होते. मेकॅनिक सांगेपर्यंत मला बंद ठेवले होते, म्हणून आजी कपडे हाताने धूत होती. फोन वाजला. हात ओले होते, म्हणून तिने तो स्पीकर लावून माझ्याच डोक्यावर ठेवला.

"नमस्कार. तक्रार तुमचीच ना?"

"माझीच. कधीची सांगतेय, कुणी लक्षच देत नाही."

"आवाज येतो?"

"येतो ना. कट्‌कट् येतो."

"धुताना येतो की पिळताना?"

आजीने हातातल्या पिळलेल्या टॉवेलकडे पाहिले. "अगदी बरोबर ओळखलंत. पिळताना जास्त."

"जागेवरून चालत जातं का?"

"चालते की. दारापर्यंत जाऊन परत येते."

"परत पण येतं?"

"मग काय दारातच राहू?"

"बरं. पुढचा उजवा पाय बघा."

"पुढचा-मागचा काय? दोनच तर आहेत."

"दोनच? मग दोन पडले असतील कुठेतरी. किती वर्षं झाली हो?"

"बहात्तर."

"बहात्तर! आजी, मग हात लावण्यात काही अर्थ नाही. भंगारात देऊन टाका. माझ्या ओळखीचा माणूस आहे, घरून उचलून नेतो."

आजीच्या हातातला टॉवेल खाली पडला. "डॉक्टर आहात की कोण आहात तुम्ही? तुमच्या आईलाही असंच सांगता का?"

"डॉक्टर? अहो, मी मशीनवाला!"

मग त्याने इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी आजीच हसू लागली. हसता हसता तिने माझे खरे वय सांगितले. "अकराच? मग काही झालेलं नाही त्याला," तो म्हणाला. "पाय लांब करा, वरचा नट पान्याने आवळा. डोक्यावर वाटीभर पाणी ठेवून बघा, सपाट दिसलं की झालं."

आजी स्टुलावर बसली. पुठ्ठा, वही, चप्पल सगळे तिने ओढून काढले. "भंगारात म्हणे," असे पुटपुटत तिने माझा पाय फिरवला, वाटीतले पाणी पाहिले, पुन्हा फिरवला. पहिले वर्षभर मी धुतलेल्या कॉलरी तपासणारी ती बाई माझ्यासाठी घामाघूम झाली होती. मला फार भरून आले.

संध्याकाळी सगळ्यांच्या देखत तिने मला चालू केले. पिळायची वेळ आली तसे बाबा सवयीने माझ्यावर चढायला धावले आणि मध्येच थबकले. "बंद पडलं का?"

"चालू आहे," आजी म्हणाली आणि स्टुलावरून उठली.

कट्.

घर इतके शांत होते की तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आई, हे काय वाजलं?" बाबांनी विचारले.

"हे? हे वर्षभर वाजतंय."

बाबांनी स्टूल पुन्हा तिच्याजवळ सरकवले आणि स्वतः खाली तिच्या पायाशी बसले. रविवारी घरातली मंडळी बाहेर पडली, पण दुकानात गेली नाही, आजीला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

म्हणून सांगते मित्रांनो, घरात कुणी कुरकुर करू लागले, मग ते मशीन असो की माणूस, तर त्याच्या डोक्यावर बसू नका. खाली बसून त्याचा पाय बघा. योग्य पाय बघा, एवढीच विनंती.

डॉक्टर काय म्हणाले ते आजीने परत आल्यावर मला सांगितले. माझ्या डोक्यावर थाप मारून ती म्हणाली, "मीही अजून पुष्कळ चालेन म्हणतात. फक्त रोज दारापर्यंत जायचं आणि परत यायचं."